जादा तास घेतले, तरी गुण तेवढेच

प्रश्न : सातवीतल्या नऊ कच्च्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर रोज तासभर गणित घेतो. तीन महिने झाले, पण चाचणीत फरक नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : वर्गात झालेला धडाच जादा तासात पुन्हा शिकवत असाल, तर तिथेच घोडं अडलंय. सातवीचं समीकरण अडतं, पण दुखणं पुष्कळदा चौथीच्या वजाबाकीत नाहीतर अपूर्णांकांत असतं. आधी तिसरी ते पाचवीची वीसेक उदाहरणं सोडवून घ्या आणि गुण बाजूला ठेवून चुकलेली उत्तरं वाचा.

402 − 178 घ्या. बरोबर उत्तर 224. एक मूल 376 लिहितं, दुसरं 234. पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, म्हणजे त्याला स्थानिक किंमतच कळलेली नाही. त्याच्या हातात काड्यांच्या जुड्या द्या, शतकाची जुडी त्यालाच सोडू द्या. दुसऱ्याने शतक सुटं केलं, एककाला दशक दिला, पण दहा दशकांचे नऊ करायचे राहिले. त्याला मधे शून्य असलेली दहा-बारा गणितं पुरतात. दोघांना एका बाकावर बसवून एकच फळा दाखवला, तर एक जण कंटाळणार आणि एक जण हरवणार.

म्हणून गट चुकीनुसार पाडा, गुणांनुसार नको. नऊ मुलांचे तीन गट, प्रत्येकाला आठवड्यातून चार दिवस अर्धा तास. पहिली पाच मिनिटं जुनी उजळणी, मग दोन उदाहरणं पायरी-पायरीने सोडवून दाखवायची, तिसरं अर्धवट सोडून मुलांनी पुरं करायचं, उरलेली त्यांची त्यांनी. शेवटी तीन गणितांची चिठ्ठी लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी काय घ्यायचं ते तीच सांगते.

उत्तर बरोबर आलं की विषय बंद करणं ही आणखी एक नेहमीची चूक. आठवड्याने आणि मग महिन्याने तेच कौशल्य पुन्हा विचारा. आणि जादा तासासाठी खेळाचा तास कधीही कापू नका. मुलं त्याला शिक्षाच समजतात, आणि त्यांचं चुकतं असं नाही.

प्रश्न : सहावीतली मुलगी अडखळत वाचते. घरी काय करावं?

उत्तर : शंभर शब्दांचा उतारा मोठ्याने वाचून घ्या. दहापेक्षा जास्त शब्द चुकले तर उतारा अवघड आहे, सोपा निवडा. आधी तुम्ही वाचा, मग तिने. तोच उतारा तीन-चार दिवस, रोज दहा-पंधरा मिनिटं. अडली की लगेच शब्द सांगू नका, तीन-चार सेकंद थांबा.

अडलेले शब्द वहीत लिहीत चला. पर्वत, प्रकाश, राष्ट्र, दऱ्या या चार शब्दांत र चार तऱ्हांनी जोडलेला आहे. तेवढ्यावरच गाडी अडत असेल, तर तेवढंच शिकवायचं, बाराखडीपासून सुरुवात नको. सफाईने वाचते पण काय वाचलं ते सांगता येत नाही, असं असेल तर उपाय वेगळा : दर परिच्छेदाला थांबवून, पुस्तक झाकून, तिच्या शब्दांत सांगायला लावा.

दोन-तीन महिने नेमाने करूनही वाचन हललं नाही, तर डोळे व कान तपासून घ्या आणि शाळेकडे अध्ययन अक्षमतेच्या चाचणीची मागणी करा. जाताना ती वही आणि उताऱ्यांच्या तारखा सोबत न्या. तपासणाऱ्याला त्याचा प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त उपयोग होतो.