मेंदी लावली की पांढरे केस केशरी दिसतात. डाय न वापरता घरच्या घरी काळपट तपकिरी रंग कसा आणायचा?

तुम्ही लिहिलंय की केस खांद्याच्या खाली येतात, एक तृतीयांश पांढरे आहेत, भांगात आणि कानशिलांवर जास्त. साधी मेंदी लावली की तेवढेच केस भडक केशरी होतात. वैतागून ‘काळी मेंदी’ लावून पाहिली तर कानामागे खाज सुटून पुरळ आलं. हे पुरळ रंगापेक्षा महत्त्वाचं आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

मेंदीच्या पानात काळा रंग नसतोच. अर्ध्या तासात केस काळे करणाऱ्या पाकिटात बहुतेक वेळा पी.पी.डी. म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन असतं, तेच जे नेहमीच्या हेअर डायमध्ये असतं. मेंदीची पूड त्यात नावापुरती. पाकीट उलटं करून घटक वाचा. असा डाय असलेल्या मालावर त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या आणि भुवया-पापण्यांना लावू नका, असा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. घटकांची यादीच नसेल तर ते पाकीट घेऊच नका.

पी.पी.डी.ची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि पुढच्या वेळी खाजेवर भागत नाही. पापण्या सुजतात, कपाळावर आणि कानांवर पाणी सुटतं. ‘अमोनिया-फ्री’ डाय लावला तर चालेल का, असं पुष्कळजणी विचारतात. अमोनिया नाही याचा अर्थ पी.पी.डी. नाही असा होत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन पॅच टेस्ट, म्हणजे ॲलर्जी कशाची आहे ते शोधणारी त्वचेची चाचणी, करून घ्या आणि निकाल जपून ठेवा. अशा ॲलर्जीच्या माणसांना बधिर करणारी काही मलमं आणि कपड्यांचे काही रंगही त्रास देऊ शकतात, त्यामुळे तो कागद पुढे कामाला येतो. पुरळ पूर्ण बरं होईपर्यंत डोक्याला काहीही लावू नका, खाली सांगितलेली मेंदी-इंडिगोसुद्धा नाही.

आता केशरीबद्दल. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं लालसर केशरी रंगद्रव्य असतं आणि ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटून बसतं. मेंदी केसाचा मूळ रंग काढत नाही, त्यावर पारदर्शक थर चढवते. काळ्या केसावर तो थर उन्हात तांबूस झाक म्हणून दिसतो, पांढऱ्या केसावर आहे तसा केशरी. म्हणजे तुमची मेंदी बरोबरच चढतेय. तपकिरी रंग हवा असेल तर त्या केशरीवर निळा चढवावा लागतो आणि तो दुसऱ्या झाडाच्या पानातून येतो: इंडिगो, नीळीचा पाला. किराणा दुकानात नुसतं ‘नीळ’ मागितलंत तर कपड्यांना घालायची नीळ हातात पडेल. ती केसांना लावायची नाही. आयुर्वेदिक वस्तूंच्या दुकानात ‘इंडिगो लीफ पावडर’ किंवा ‘नीलिनी पानांची पूड’ म्हणून मागा.

मेंदीत चहा, कॉफी, बीट, लवंग, अंडं, दही आणि कात एकत्र कालवायची जी पद्धत आहे, तिच्यातलं बरंचसं मी काढून टाकेन. बिटाचा रंग केसाला धरतच नाही, पहिल्या पाण्याला वाहून जातो. कॉफीचा वास राहतो, रंग जेमतेम. दही आणि अंड्यातल्या प्रथिनांनाही लॉसोन चिकटतं, म्हणजे केसासाठी होतं त्यातलं काही वाटीतच संपतं. शिवाय फ्रीजमधलं गार दही घातलं की मेंदी भिजायलाच तयार होत नाही. तेल घातलं तर केसावर पातळ थर बसून रंग आत जाणं अडतं. लोखंडी कढईचा थोडा परिणाम होतो: लोह आणि पानातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, मिळून मिश्रण काळंकुट्ट दिसतं आणि रंग जरासा गडद येतो. पण मिश्रण काळं झालं म्हणून केस काळे होत नाहीत. आणि पुढे कधी सलूनमध्ये पेरॉक्साइडचा रंग लावायचा झाला तर केसावरचं ते लोह गोंधळ घालू शकतं. स्टीलचं किंवा काचेचं पातेलं घ्या.

खरा फरक पडतो तो पुडीच्या ताजेपणाने. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे, तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पाकिटावर सोजत लिहिलेलं असणं ही खात्री नव्हे. पॅकिंगची तारीख बघा, वर्षापेक्षा जुनी नको. चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात टाका, तळाशी रेती बसली तर भेसळ. ओल्या टिश्यूवर चिमूटभर ठेवा: लगेच चकचकीत हिरवा डाग पसरला तर वरून रंग मारलाय, सावकाश केशरी-तपकिरी डाग उमटला तर ठीक. इंडिगोची पूड हिरवट असावी. राखाडी पडली असेल किंवा गुठळ्या झाल्या असतील तर तिला दमट हवा लागलीय आणि ती चढणार नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे फार होतं, तेव्हा दोन्ही पुड्या हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा.

प्रमाण: तुमच्या लांबीला पहिल्यांदा पूर्ण लावायला २०० ग्रॅम मेंदी आणि २०० ग्रॅम इंडिगो लागेल. नंतर फक्त मुळांना लावताना दोन्ही ५०-६० ग्रॅम पुरे.

मेंदी चाळून घ्या आणि कोमट पाण्यात कालवा. १०० ग्रॅमला अंदाजे ३०० मिलि पाणी, पण एकदम ओतू नका, दह्याएवढं दाट झालं की थांबा. उकळतं पाणी नको. लिंबाचा रस मेंदीला आंबट माध्यम देतो, पण टाळू कोरडी करतो आणि रंग सुटायला वेळ लावतो. त्याऐवजी १०० ग्रॅमला दोन चमचे आवळा पूड घाला, लालीही थोडी कमी होते. झाकून ठेवा. किती वेळ, ते हवेवर आहे. नागपूरच्या मे महिन्यात दोन तासांत तयार होते, पुण्याच्या डिसेंबरात रात्रभर लागू शकते. घड्याळापेक्षा तळहातावर विश्वास ठेवा: वाटाण्याएवढा ठिपका तळहातावर ठेवून दोन-तीन मिनिटांनी पुसा. स्पष्ट केशरी डाग दिसला की लावायला घ्या. आणखी ताटकळत ठेवली तर रंग उतरायला लागतो.

केस आदल्या दिवशी शाम्पूने धुवा, कंडिशनर आणि तेल नको. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या, कारण क्षारांचा थर बसलेल्या केसावर रंग ठिकठिकाणी कमी चढतो. लावताना कानांवर आणि कपाळाच्या कडेला व्हॅसलिन, हातात मोजे. सुरुवात कानशिलांपासून आणि भांगापासून करा. तिथला पांढरा केस जाड आणि हट्टी असतो, त्याला जास्त वेळ मिळायला हवा. बोटभर रुंदीची बट घ्या आणि मुळापासून जाडसर थापा. बहुतेकजणी इथे हात राखतात, केसावर हिरवट रेघ ओढल्यासारखी मेंदी लावतात आणि मग रंग धरला नाही म्हणतात. मेंदीत केस बुडालेला दिसला पाहिजे. वर शॉवर कॅप किंवा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, कारण वाळलेली मेंदी रंग देत नाही. पंख्याखाली बसून कडक होईपर्यंत वाळवणं म्हणजे अर्धी मेंदी फुकट घालवणं. दोन ते तीन तास ठेवा. सर्दीचा त्रास असेल तर दुपारच्या वेळी लावा, रात्रभर ठेवण्यात फारसा फायदा नाही.

धुताना आधी बादलीत डोकं बुडवून केस हलवा, बराच चोथा तिथेच निघतो. मग साध्या पाण्याने, शाम्पू न लावता, पाणी स्वच्छ येईपर्यंत. या टप्प्यावर भांग भोपळ्यासारखा केशरी दिसेल. दिसू दे, त्यावरच इंडिगो बसणार आहे.

इंडिगो मेंदीचं डोकं धुवायला घेण्याआधी भिजवायचा नाही, कारण तो तासाभरात मरतो. कोमट पाण्यात कालवा, १०० ग्रॅमला एक छोटा चमचा मीठ घाला. हट्टी पांढऱ्या केसांवर मिठाचा उपयोग होतो असा पुष्कळजणींचा अनुभव आहे. लिंबू, दही, आवळा, चहा असं आंबट काहीही यात नको, आंबटपणात इंडिगो नीट चढत नाही. १०-१५ मिनिटांत पृष्ठभाग निळसर काळा पडतो आणि वास येतो, फ्रोझन मटारचं पाकीट फोडल्यासारखा. मग लगेच, केस टॉवेलने टिपून ओलसर असतानाच लावा आणि अर्ध्या तासाच्या आत लावणं संपवा. इंडिगो रेतीसारखा भुसभुशीत असतो, ठिबकतो, म्हणून मदतीला कुणी असेल तर बरं. टोपी घालून तपकिरीसाठी पाऊण तास, काळपटासाठी दीड-दोन तास. पुन्हा नुसत्या पाण्याने धुवा. पाणी निळं-हिरवं जाईल, फरशीवर लगेच पाणी मारा.

केस वाळल्यावर हिरवट झाक दिसली तर घाबरू नका. इंडिगोचा रंग हवेतल्या ऑक्सिजनने पक्का होतो, त्याला दोन दिवस लागतात. त्यामुळे ४८ तास शाम्पू नाही, आणि लग्नकार्य असेल तर तीन दिवस आधी लावा. दुसऱ्या दिवशी आरशात बघून पुन्हा काहीतरी थापण्याची घाई करू नका.

दोन खेपांचा वेळ नसेल तर एकत्रही लावता येतं. भिजून तयार झालेल्या मेंदीत लावायच्या क्षणी ताजा इंडिगो मिसळायचा. समसमान घेतलं तर मध्यम तपकिरी, इंडिगो दुप्पट घेतला तर गडद. यासाठी मेंदी भिजवताना आवळा घालू नका. दोन्ही कोरड्या पुड्या एकत्र करून भिजवू नका: मेंदीला तास लागतात आणि इंडिगोला मिनिटं, एकाचा रंग सुटेपर्यंत दुसरा संपतो. तयार मिश्र पाकिटं याच कारणाने निराश करतात. पण तुमच्यासारखे पांढरे पट्ट्यात असतील तर दोन खेपांची पद्धतच लावा, एकत्र लावलेलं भांगावर लवकर फिकं पडतं.

रंग तरीही चढला नाही तर बिघाड कुठे झाला ते रंगच सांगतो. केशरीच राहिला तर इंडिगो जुना होता किंवा उशिरा लावला. निळसर जांभळा दिसला तर खालची मेंदी कमी पडली. भांग सोडून बाकी छान आला तर मुळांवर थर पातळ होता. पहिल्या दोन-तीन वेळांना हट्टी केसांवर रंग लवकर उतरतो, पुढे थर साचत जाऊन टिकतो. म्हणून सगळं डोकं रंगवण्याआधी विंचरताना गळलेल्या केसांची एक बट गोळा करून तिच्यावर करून पाहा. आणि त्वचेसाठी वेगळी चाचणी: पुरळ बरं झाल्यावर मेंदी आणि इंडिगोचा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. वनस्पतीचीही ॲलर्जी असू शकते, विशेषतः तुमची त्वचा एकदा चिडलेली असताना. घरात कुणाला जी-६-पी-डी कमतरता, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची जन्मजात कमतरता, असेल तर त्यांनी मेंदी वापरू नये, लॉसोनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. तान्ह्या बाळाच्या हातापायांना मेंदी न लावण्याचं कारणही तेच.

पुढे दर तीन-चार आठवड्यांनी फक्त वाढलेल्या मुळांना लावा. दर वेळी टोकापर्यंत लावलंत तर थरावर थर चढून केस वरवंट्यासारखे ताठ होतात आणि टोकं काळी, मुळं तांबूस असा दुरंगीपणा दिसतो. तीन-चार महिन्यांतून एकदा लांबीला नुसता इंडिगो अर्धा तास पुरतो. केस कोरडे वाटले तर तिसऱ्या दिवशी, पहिल्या शाम्पूच्या आधी, कोमट खोबरेल तेल लावा.

आणि कधी पार्लरमध्ये हायलाइट किंवा ब्लीच करायची इच्छा झाली तर खुर्चीत बसण्याआधी सांगा की केसांवर मेंदी आणि इंडिगो आहे. ब्लीचखाली इंडिगो हिरवा होतो आणि तो हिरवा सहज निघत नाही. रंगवलेला भाग कापून जाईपर्यंत थांबणं हाच मग सोपा मार्ग उरतो.