हिरो, वीर की नायक?

प्रश्न असा: सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्याच्या, बातम्यांत 'विजयाचा हिरो' असं छापतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये हिरो ठरतो कोण? आणि 'हिरो' व 'वीर' मुळात एकच शब्द असल्यामुळे सरळ 'वीर' म्हणू नये का?

ते एकच नाहीत! ही व्युत्पत्ती आता बंद व्हायला हवी. 'हिरो' ग्रीक 'हेरोस'वरून आला. 'वीर'चा सख्खा भाऊ लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष. इंग्रजीतले 'व्हर्च्यू' आणि 'व्हिराइल' त्याच घरातले. ध्वनी जुळले की नातं जोडणाऱ्या पंडितांनी निदान कोश तरी उघडावा.

अर्थाने मात्र 'वीर' या खेळात चपखल बसतो, पण एका कृत्यापुरता. वीरगळावर खालच्या चौकटीत एक लढाई कोरलेली असते. त्या माणसाचं बाकीचं आयुष्य दगडावर नसतं. 2015च्या सुपर बोलमध्ये सिएटल सीहॉक्स हा संघ पेट्रियट्स संघाच्या गोलरेषेपासून एका यार्डावर आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरलेला. पेट्रियट्सच्या नवख्या माल्कम बटलरने सीहॉक्सचा पास मधेच झेलला आणि पेट्रियट्स 28-24 जिंकले. बटलर हा वीर.

आता माझा आवडता शब्द: नायक. धातू 'नी', म्हणजे नेणे. आपलं रोजचं 'नेणे' तेच. नेता, नयन, विनायक, सैन्यातला नाईक, सगळे तिथलेच. 'अभिनय'सुद्धा: अर्थ प्रेक्षकांपर्यंत नेणं. ('न्याय' यात घुसडू नका, तो नि + इ.) संस्कृत नाट्यशास्त्रात नायकाला 'नेता'च म्हणतात, कारण तो कथा फळापर्यंत नेतो.

क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चाल चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, दुसरं काय करतो? एक चाल संपली की बहुधा 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमध्ये येतो, पण घड्याळात 15 सेकंद उरले की तो बंद. पुढे समोरचा बचाव वाचणं, गरज पडली तर ओरडून चाल बदलणं, हे त्याचं एकट्याचं काम. चेंडू हातात आला की जेमतेम तीनेक सेकंद. उशीर झाला तर तो चेंडूसकट आडवा होतो. घाईने फेकला तर झेलणारा वळलेलाच नसतो आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो.

यावर आक्षेप ठरलेला: चेंडू 'नेतो' तो धावणारा, मग नायक तोच. चूक. तो चेंडू नेतो, नायक संघाला नेतो. 2017च्या सुपर बोलमध्ये पेट्रियट्स 3-28 असे मागे होते आणि जादा वेळेत 34-28 जिंकले. त्यांच्या धावणाऱ्या जेम्स व्हाइटने तीन टचडाउन केले (चेंडू गोलरेषेपार नेला की टचडाउन), त्यातला शेवटचा विजयाचा. टचडाउननंतरच्या जादा प्रयत्नाचे 2 धरून एकूण 20 गुण त्याचे. सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला: 62 पैकी 43 पास पूर्ण, 466 यार्ड. पुरस्कार व्हाइटला हवा होता असं खुद्द ब्रेडी म्हणाला. माझ्या मते व्हाइट वीर, ब्रेडी नायक, आणि 'सामनावीर' हा शब्द व्हाइटलाच शोभला असता.

क्वार्टरबॅकला अंगावर घाव झेलून ते तीन सेकंद मिळवून देणाऱ्या पुढच्या पाच जणांपैकी एकालाही सुपर बोलचा हा पुरस्कार आजवर मिळालेला नाही. त्यांना मराठीत 'बिनीचे' म्हणा. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. आणि 'टचडाउनचा गोल केला' हे लिहिणं कृपा करून थांबवा. टचडाउनचे 6 गुण, फील्ड गोलचे (चेंडू लाथेने खांबांमधून मारण्याचे) 3, दोन्ही वेगळे.