तुमचे प्रश्न : बर्फाखालचा बागुलबुवा

गेल्या अंकात मी इकालुइतबद्दल लिहिलं होतं. कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत हा इनुइट लोकांचा प्रदेश आहे, त्याची ही राजधानी. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तिथे सहा वर्षं राहिले आणि त्यातली चार वर्षं एका शाळेच्या ग्रंथालयात काम केलं. त्या लेखावर बरीच पत्रं आली. सर्वांत लहान वाचक आठ वर्षांचा, सर्वांत मोठ्या वाचक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. म्हणून आधी लहानाचा प्रश्न घेते.

तिथल्या मुलांना बागुलबुवाची भीती दाखवतात का? (तिसरीतला मुलगा, सातारा)

दाखवतात! आणि तिथल्या बागुलबुवाचा पत्ताही ठरलेला आहे. त्याचं नाव कालुपिलुक आणि तो समुद्रावरच्या बर्फाखाली राहतो. मूल एकटंच भेगेजवळ गेलं की हा वर येतो, त्याला पाठीवरच्या आमाउतीत टाकतो आणि खाली घेऊन जातो. आमाउती म्हणजे तिथल्या आयांचा मोठ्या टोपीचा जाड अंगरखा. टोपीखाली पाठीशी एक खोळ असते, तिच्यात बाळ ऊबेत बसतं.

ही गोष्ट मला शाळेत मुलांना गोष्टी सांगायला येणाऱ्या एका आजींनी सांगितली. इकालुइतच्या खाडीत भरती-ओहोटीच्या पातळीत दहा मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे तीन मजली घराएवढा. हिवाळ्यात वर बर्फ गोठलेलं असतं आणि खालचं पाणी रोज चढत-उतरत राहतं, त्यामुळे किनाऱ्यालगतचं बर्फ सारखं तडकतं. पाच वर्षांच्या मुलाला भरतीचं गणित सांगून काय कळणार? कालुपिलुक मात्र लगेच कळतो. आजी म्हणायच्या, बर्फाखालून ठकठक ऐकू आली की तो जवळ आहे असं समजायचं. ती ठकठक मी ऐकली आहे, आणि तेव्हा मी पन्नाशीची असूनही दोन पावलं मागे सरकले होते.

आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्या लोकांत नाव ठेवण्याची काही रीत आहे का? (एक आजी, कोल्हापूर)

काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिथे मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल, तर हेच.

शाळेत माझ्या पहिल्याच हिवाळ्यात पाहिलेला प्रसंग सांगते. साठी ओलांडलेली एक बाई दुसरीतल्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसून तिच्या जॅकेटची चेन लावत होती आणि तिला 'आनाना' म्हणत होती. आनाना म्हणजे आई. मला वाटलं, आपण लेकीला लाडानं 'माझी आई' म्हणतो तसंच असेल. ती मुलगी तिची नात होती. पण बाईंची आई वारल्यानंतर ही मुलगी जन्मली, आईचं नाव तिला दिलं गेलं आणि त्या नावाबरोबर नातंही आलं. त्या घरात ती मुलगी खरोखर आजीची आई होती. आजीचे भाऊही तिला आईच म्हणायचे, शिकारीहून आले की पहिला वाटा तिच्या हातात द्यायचे.

इनुइट नावांना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं. त्यामुळे आजोबांचं नाव नातीलाही देता येतं, आणि मग एखादा दाढीवाला बाप्या चार वर्षांच्या पोरीला 'बाबा' म्हणून हाक मारतो. ज्याच्या नावावरून आपलं नाव ठेवलं, त्याला 'साउनिक' म्हणतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ हाड.

माझ्या माहेरी माझ्या धाकट्या भावाला आजोबांचं नाव ठेवलं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आजीनं त्याला जन्मभर 'बाबू'च म्हटलं. नाव एकच, पण आमच्या घरात ते ओठांवर येत नव्हतं आणि तिथे दिवसातून दहा वेळा प्रेमानं घेतलं जात होतं. इतक्या दूर जाऊन मला आजीची आठवण आली ती यामुळे.

आता मन दुखावणारा भाग. ही नावं सरकारी कारकुनांना लिहिता येईनात, आणि आडनाव ही गोष्टच तिथे नव्हती. मग १९४१पासून कॅनडा सरकारनं प्रत्येक इनुइट माणसाला नाण्याएवढी गोल चकती दिली. तिच्यावर क्रमांक कोरलेला असे आणि ती जवळ बाळगावी लागे, पुष्कळांच्या गळ्यात ती दोरीनं बांधलेली असे. ज्या समाजात गेलेलं माणूस नावातून घरी परत येतं, तिथे बाळाच्या गळ्यात आकडा! पुढे १९६८ ते १९७१ या काळात एब ओक्पिक हे इनुक (एकट्या इनुइट माणसाला इनुक म्हणतात) गृहस्थ गावोगाव फिरले आणि प्रत्येक घराला विचारून आडनावं नोंदवली. त्यांचा स्वतःचा क्रमांक होता डब्ल्यू ३-५५४.

लिहून ठेवलेलं नसेल, तर त्यांच्या गोष्टींना इतिहास कसं म्हणायचं? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक)

प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून एक घटनाच सांगते. मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी १५७६, १५७७ आणि १५७८ असा लागोपाठ तीन उन्हाळे याच खाडीकडे आला. तिसऱ्या खेपेला त्याच्याबरोबर पंधरा जहाजं होती. सोनं समजून त्यानं जहाजं भरभरून दगड नेले, ते कवडीमोलाचे निघाले. पहिल्या खेपेत त्याचे पाच खलाशी इथेच राहिले होते.

१८६१मध्ये चार्ल्स फ्रान्सिस हॉल नावाचा अमेरिकन प्रवासी तिथे होता. तिथल्या वृद्धांनी त्याला सांगितलं : गोरे लोक तीन वर्षं आले, शेवटच्या वर्षी खूप जहाजं होती, पाच माणसं मागे राहिली, त्यांनी बेटावर खड्डा खणून नाव बांधली. हॉलनं त्या बेटावर जाऊन पाहिलं, तर खोदलेले चर, विटांचे नि कौलांचे तुकडे, दगडी कोळसा. मधे २८५ वर्षं गेली होती, आणि कागदाचा एक कपटा नसताना गोष्ट शाबूत होती.

सर जॉन फ्रँकलिन या इंग्रज दर्यावर्दीच्या, १८४५मध्ये निघून बेपत्ता झालेल्या दोन जहाजांचंही तसंच. 'एरेबस' २०१४मध्ये सापडलं, तेही इनुइट पिढ्यान्‌पिढ्या जिथे सांगत आले त्या भागात. 'टेरर' २०१६मध्ये सापडलं, एका इनुक माणसानं बर्फातून वर आलेला डोलकाठीसारखा खांब पाहिला होता म्हणून.

हे कसं जमतं, ते मला आमच्या शाळेतल्या त्या आजींकडे बघून उमगलं. मुलांनी काही विचारलं आणि त्यांनी ते स्वतः पाहिलेलं किंवा ऐकलेलं नसलं, तर त्या सरळ म्हणायच्या, 'ते मी सांगू शकत नाही.' ऐकलेलं असलं तर कुणाकडून ऐकलं, ते आधी. आपले बखरकार इतके काटेकोर असते तर, असं माझ्या मनात अनेकदा आलं.

त्यांची लिपी कशी असते? (सहावीतली मुलगी, पणजी)

कागद घे आणि गणितातलं 'पेक्षा मोठे'चं चिन्ह काढ. टोक उजवीकडे असलं की ते 'पु'. टोक वर केलंस की 'पि', डावीकडे वळवलंस की 'पा'. आपण मात्रा-वेलांटी लावतो, तिथे अक्षरच फिरवतात! अर्धं अक्षर असेल तर ते लहान करून वर लिहितात. ही पद्धत जेम्स इव्हान्स या मिशनऱ्यानं १८४०च्या सुमारास क्री भाषेसाठी तयार केली, नंतर ती इनुइटांपर्यंत पोहोचली. तिच्या मुळाशी लघुलिपीबरोबर आपल्या देवनागरीचीही कल्पना असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

'एस्किमो' म्हणणं चूक आहे का? (शिक्षक, लातूर)

हो. ते बाहेरच्यांनी दिलेलं नाव आहे आणि कॅनडात ते अपमानकारक मानतात. इनुइट म्हणजे माणसं. एकच असेल तर इनुक, दोघं असतील तर इनुउक. संस्कृतसारखं द्विवचन! वर्गात सांगून बघा, मुलांना आवडेल.

तिथे सहा महिने रात्र असते ना? (पाचवीतली जुळी बहीण-भावंडं, डोंबिवली)

इकालुइतला नसते. डिसेंबरातही चारेक तास उजेड असतो. पण त्याच्या बरंच उत्तरेला इग्लूलिक आहे, तिथे नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य जातो तो जानेवारीच्या मध्यावर परत येतो. माझ्याबरोबर काम करणारी मैत्रीण तिथलीच. तिनं आजीकडून ऐकलेलं मला सांगितलं : सूर्य पहिल्यांदा दिसला की मुलं घरोघर पळत जायची आणि कुल्लिक विझवायची. कुल्लिक म्हणजे सीलच्या चरबीवर जळणारा, अर्धचंद्रासारखा दगडी दिवा. मग एका नव्या ज्योतीवरून सगळ्या घरांचे दिवे पुन्हा लावायचे.

आणि सूर्याकडे बघून हसायचं, पण अर्ध्याच चेहऱ्यानं. दुसरा अर्धा गंभीर ठेवायचा, कारण सूर्य आला तरी थंडी अजून बाकी असते. मैत्रिणीनं मला ते करून दाखवलं. तुम्ही दोघं आरशासमोर करून बघा आणि जमलं का ते मला कळवा.