टोगोचे बियाणे, नगरची भाकरी

प्रश्न : आमच्याकडे पेरली जाणारी लोहयुक्त ‘धनशक्ती’ बाजरी मूळ आफ्रिकेतली आहे, असे एका कृषी मेळाव्यात ऐकले. हे खरे असेल, तर आपले गावरान सोडून परदेशी वाण कशासाठी घ्यायचे? आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संशोधनावर एवढा खर्च होतो, त्यातून कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती काय पडते?
— एक वाचक, पारनेर

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. मात्र ‘परदेशी’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण बाजरी हे पीकच मुळात सहाराच्या दक्षिण कडेचे आहे आणि भारतात ते येऊन साडेतीन हजारांहून अधिक वर्षे झाली आहेत. ज्याला आपण गावरान म्हणतो, तेही कधीकाळी तिकडूनच आले.

पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशाचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेल्या घाना, बेनिन, बुर्किना फासो या भागांत ‘इनियाडी’ नावाचा बाजरीचा स्थानिक प्रकार पूर्वापार पिकतो. टपोरा दाणा आणि लवकर येणारे कणीस ही त्याची ओळख. गरीब देशांतील कोरडवाहू पिकांसाठी १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटनचेरू येथे स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने टोगोच्या अशा एका बाजरीतून निवड करून ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण काढला आणि १९८८ मध्ये तो महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला. शेतकऱ्यांना त्याचा दाणा आवडला, लवकर हाती येणारे पीक आवडले. त्यात लोह किती आहे, हे तेव्हा कोणी विचारले नव्हते. पुढे धान्यांतील लोह व जस्त मोजण्याचे काम सुरू झाले, तेव्हा या वाणात लोह मुळातच जास्त असल्याचे लक्षात आले. बाजरीत परपरागीभवन होत असल्यामुळे, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्यावर पडत असल्यामुळे, एकाच वाणातली दोन ताटेही (झाडेही) अगदी सारखी नसतात. म्हणून त्यातल्याच अधिक लोह असलेल्या ओळी, म्हणजे निवडक ताटांची संतती, वेगळ्या काढून, त्या एकत्र करून ‘धनशक्ती’ तयार झाली. २०१४ मध्ये ती देशभरासाठी अधिसूचित झाली. तिच्या एक किलो धान्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते.

आता खर्चाविषयी. त्यातून काय हाती पडते, हे बाजरीच्याच एका अनुभवातून दिसते. १९६५ मध्ये लुधियानाहून ‘एचबी-१’ हा बाजरीचा पहिला संकरित वाण आला आणि उत्पादन झपाट्याने वाढले. त्याची मादी ओळ, म्हणजे संकरातली आई, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून आणलेली होती आणि त्यानंतरचे काही संकरही तिच्यावरच बेतलेले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कणसात दाण्यांऐवजी पाने फुटवणाऱ्या गोसावी रोगाने उचल खाल्ली, तेव्हा ठिकठिकाणची उभी पिके एकाच वेळी बळी पडली, कारण त्या साऱ्यांची आई एकच होती. हा धडा पुढे कामी आला. हरियाणात १९९० मध्ये आलेला ‘एचएचबी ६७’ हा जेमतेम ६५ दिवसांत निघणारा संकरित वाण त्याच रोगाला बळी पडण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा हिस्सारचे कृषी विद्यापीठ, इक्रिसॅट आणि ब्रिटनमधील संशोधक यांनी डीएनए खुणांच्या आधारे रोगप्रतिकाराचे गुण त्याच्या जनक ओळींत उतरवले आणि २००५ मध्ये सुधारित वाण दिला. या कामाला ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीचा हातभार होता. अशा संशोधनाचा गाजावाजा होत नाही, कारण बुडालेल्या पिकाची बातमी होते, वाचलेल्या पिकाची होत नाही.

आपल्या प्रश्नातला एक बोचरा भाग मात्र आम्हाला मान्य आहे. इनियाडी पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या टोगोच्या शेतकऱ्यांच्या पदरात काय पडले? वनस्पतींच्या जनुकीय ठेव्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ पासून लागू आहे आणि त्यात लाभ वाटून घेण्याची तरतूद आहे. परंतु ते बियाणे त्याच्या कितीतरी आधी पाटनचेरूला पोहोचले होते.

प्रश्न : धान्यातले लोह अंगी लागत नाही, असे डॉक्टर म्हणतात. मग अशा बाजरीचा उपयोग काय?
— एक वाचक, बीड

उत्तर : डॉक्टरांचे म्हणणे निराधार नाही. बाजरीतील फायटेट हा नैसर्गिक घटक लोहाला धरून ठेवतो, त्यामुळे त्यातला थोडाच भाग शरीर शोषून घेते. परंतु भाकरीतले लोहच वाढले, तर त्या थोड्या भागातून शरीराला मिळणारे लोहही वाढते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ विद्यार्थ्यांवर याचा अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना जास्त लोहाच्या, तर काहींना नेहमीच्या बाजरीच्या भाकरी सहा महिने दोन्ही वेळच्या जेवणात देण्यात आल्या. ज्यांच्या शरीरात आरंभी लोह कमी होते, अशांपैकी पहिल्या गटातील मुलांची कमतरता भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या सुमारे १.६ पट होती. मुलांना खायला दिली ती रोजचीच भाकरी होती, हे आम्हाला विशेष वाटते. अर्थात ज्यांना रक्तक्षय आहे, त्यांनी भाकरीच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत. जेवणाबरोबर लिंबाची फोड घ्यावी आणि जेवणावर लगेच चहा टाळावा. या दोन्हींमुळे लोह अधिक शोषले जाते.

प्रश्न : ‘धनशक्ती’चे बियाणे घरचे धरले तर चालेल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : चालेल, कारण हा संकरित वाण नाही. अडचण परागाची आहे. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर पडतात आणि पुंकेसर नंतर, त्यामुळे शेजारच्या रानातला पराग सहज येऊन बसतो. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या बाजरीपासून २०० मीटर अंतर ठेवतात. आपल्याला तेवढे शक्य नसेल, तर निदान बांधालगतच्या ओळी सोडून रानाच्या मधल्या भागातली, एकसारख्या ताटांची निरोगी कणसे बियाण्यासाठी निवडावीत. असे कितीही जपले तरी भेसळ साचत जाते आणि लोह किती उरले हे दाण्याकडे पाहून ओळखता येत नाही, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी नवे बियाणे आणावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाची लोहयुक्त ‘एएचबी १२००’ मात्र संकरित आहे. तिचे बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते.