विंडोज ११ टाका, पण दुकानदाराच्या ईमेलवर नको

तुम्ही लिहिलंय की घरी २०१९ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे : आय३-८१०० प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १० होम. आईच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका जुन्या मराठी फाँटमध्ये आहेत. दुकानदार म्हणतोय, "मशीन ठेवून जा, फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून देतो. अकाउंटचं टेन्शन घेऊ नका, आमचं टाकतो."

करू की नको, याचं उत्तर सोपं आहे. करा. तुमचा आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ साठीच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसतो आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मला काळजी वाटली ती "आमचं टाकतो" या दोन शब्दांची. हेच दोन शब्द आमच्या घरी फार महाग पडले आहेत. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण काय घडतं आणि का घडतं ते नीट सांगतो.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून डिव्हाइस एन्क्रिप्शनच्या, म्हणजे डिस्कवरचा सगळा डेटा आपोआप कुलूपबंद करणाऱ्या सोयीच्या, अटी सैल झाल्या. पूर्वी ते मुख्यतः ठरावीक लॅपटॉपवरच आपोआप चालू व्हायचं. आता टीपीएम (किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त विश्वासू प्रोग्रॅम चालू देणारी सोय) चालू असलेल्या साध्या असेंबल डेस्कटॉपवरही, होम आवृत्ती असली तरी, चालू होतं. कोरं इन्स्टॉलेशन (जुनं पुसून नव्याने विंडोज टाकणं) करून पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिस्कला कुलूप लागतं. फक्त सी नाही, आत बसवलेले डी, ई सुद्धा. कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की जाते त्या अकाउंटमध्ये. अकाउंट दुकानदाराचं, म्हणजे तुमच्या घराची किल्ली दुकानदाराच्या खिशात, आणि बहुतेक वेळा हे त्यालाही ठाऊक नसतं.

महिनोन्‌महिने काहीच कळत नाही, कारण मशीन स्वतःच कुलूप उघडत असतं. मग एक दिवस निळ्या पडद्यावर की मागितली जाते. आमच्या बाबतीत दुकानात तो ईमेल कोणत्या मुलाने बनवला होता हेच कुणाला सांगता येईना, आणि "फॉरमॅट मारू का?" एवढं एकच उत्तर तीन वेळा मिळालं. फोटो, हिशेब, सगळं त्याच डिस्कवर होतं. ही की मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टलाही काढून देता येत नाही, ते स्वतःच तसं स्पष्ट सांगतात. डेटा परत आणतो म्हणून पैसे मागणाऱ्यांना या बाबतीत एक रुपया देऊ नका. किल्लीशिवाय त्या डिस्कवर वाचण्यासारखं काही नसतं.

निळा पडदा येतो कधी, तर टीपीएमला मशीन बदललंय असं वाटतं तेव्हा. बायोस (मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट केलं, बायोस डिफॉल्टला गेलं, बोर्ड बदलला. घरगुती डेस्कटॉपवर सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे बोर्डवरचा सीआर२०३२ सेल. पाच-सहा वर्षांनी तो मरतो, मेन स्विच बंद केला की बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात, आणि बऱ्याच जुन्या बोर्डांवर डिफॉल्टला टीपीएम बंद असतो. तुमचा बोर्ड २०१९ चा आहे. काहीही करण्याआधी तो सेल बदला, घड्याळवाल्याकडेही मिळतो. आणि असा पडदा आलाच, तर आधी बायोसमध्ये जाऊन टीपीएम व सिक्युअर बूट पुन्हा चालू करून बघा, अनेकदा तेवढ्यानेच मशीन उघडतं. एएमडी प्रोसेसरवाल्यांसाठी वेगळी सूचना (एफटीपीएम म्हणजे त्यांच्या प्रोसेसरमधला टीपीएम) : सुरू होताना "नवीन सीपीयू बसवला, एफटीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन" असं विचारलं तर एन दाबा. वाय दाबलं की टीपीएममधली किल्ली कायमची गेली.

कुणी आधीच दुकानातून असं करून आणलं असेल तर मशीन उघडतंय तोवर आजच बघा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत मॅनेज-बीडीई, स्पेस, -स्टेटस (manage-bde -status) टाइप करा. प्रत्येक ड्राइव्हसमोर 'फुली डिक्रिप्टेड' दिसलं तर कुलूप नाही. एन्क्रिप्टेड दिसलं तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि काम पुरं होईपर्यंत मशीन बंद करू नका. हार्डडिस्कवर याला कित्येक तास लागतात. मग स्वतःचं अकाउंट ॲडमिन म्हणून जोडा, त्यातून लॉगिन होतंय याची खात्री करा, दुकानाच्या अकाउंटमधल्या फाइली उचलून घ्या आणि शेवटी ते अकाउंट काढून टाका. हाच क्रम ठेवा. आधी अकाउंट काढलं तर त्याच्या डेस्कटॉपवरच्या फाइलीही जातात.

माझं मत, आणि हे मतच आहे : घरात एका जागी बसलेल्या डेस्कटॉपला एन्क्रिप्शन बंद ठेवलेलं बरं. लॅपटॉपला मात्र चालू हवं, तो रिक्षात विसरतो, चोरीला जातो. तिथे की स्वतःच्या अकाउंटमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे. घरात धंद्याचा किंवा दुसऱ्यांचा डेटा असेल तर माझं ऐकू नका, एन्क्रिप्शन चालूच ठेवा.

आता तुमच्या मशीनचं. कोरं इन्स्टॉलेशन करूच नका, आहे त्यावर अपग्रेड करा. प्रोग्रॅम, फाँट, सेटिंग सगळं राहतं, आणि असं अपग्रेड करताना बंद असलेलं एन्क्रिप्शन आपसूक चालू होत नाही.

सगळ्यात आधी एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क. विंडोज ११ हार्डडिस्कवर चालतं, पण रोज रडवतं. २५६ जीबीची साधी २.५ इंची साटा एसएसडी पुरेल. जुन्या डिस्कवरून फक्त सिस्टिम रिझर्व्हड आणि सी हे दोन भाग क्लोन करा, म्हणजे जसेच्या तसे एसएसडीवर उतरवा. हे मुद्दाम सांगतोय. २०१९ च्या असेंबल मशीनवर विंडोज पुष्कळदा लेगसी बायोस मोडमध्ये (नवी पद्धत म्हणजे यूईएफआय), एमबीआर डिस्कवर (डिस्कचे भाग मांडायची जुनी पद्धत) टाकलेलं असतं, आणि सी, डी, ई, एफ असे चार तुकडे पाडायची आपल्याकडे जुनी सवय. विंडोज ११ ला हवी जीपीटी, म्हणजे नवी पद्धत. विंडोजमध्येच असलेली एमबीआर२जीपीटी ही कमांड डेटा न उडवता डिस्क बदलून देते, पण तिला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) चालतात आणि लॉजिकल पार्टिशन (मुख्य भागाच्या पोटातले तुकडे) एकही चालत नाही. चार तुकड्यांच्या डिस्कवर ती नकार देते, आणि मग दुकानदार म्हणतो, "फॉरमॅटशिवाय पर्याय नाही." नव्या एसएसडीवर दोनच भाग असल्याने ही अडचणच उरत नाही.

क्लोन झाल्यावर जुन्या डिस्कची केबल काढून बाजूला ठेवा. काही बिघडलं तर परतीची वाट म्हणजे ती डिस्क. डी ड्राइव्हवर कॉपी केली म्हणजे बॅकअप झाला असं मानू नका, डी त्याच डिस्कवर आहे. आईच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या पेनड्राइव्हवरही हव्यात.

मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एमबीआर२जीपीटी (mbr2gpt), आधी स्लॅश व्हॅलिडेट (/validate) लावून, ते पास झालं की स्लॅश कन्व्हर्ट (/convert) लावून, दोन्ही वेळा शेवटी स्लॅश अलाउफुलओएस (/allowFullOS). मशीन बंद करून थेट बायोसमध्ये जा आणि सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने बूट करणारं सेटिंग) बंद करा. हे राहिलं तर मशीन बूट होणार नाही आणि सगळं गेलं असं वाटेल, तसं नसतं. वेगळं जुनं ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळा राहू शकतो. कार्ड काढून बोर्डवरच्या पोर्टला मॉनिटर लावा. विंडोज नीट उघडलं की पुन्हा बायोसमध्ये इंटेल पीटीटी चालू करा (टीपीएम २.० तो हाच, वेगळा चिप विकत घ्यायची गरज नाही) आणि सिक्युअर बूट. एका वेळी एक बदल करा, म्हणजे कशाने अडलं ते कळतं.

एवढं झालं की पीसी हेल्थ चेक (मशीन विंडोज ११ ला चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप) हिरवा कौल देईल. विंडोज अपडेटमधून आलं तर उत्तम, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (विंडोजची इन्स्टॉलेशन फाइल) उतरवून सेटअप चालवा. तिथे 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' करडं दिसलं तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा भाषा जुळत नसते : मशीनवर इंग्लिश यूएस आणि आयएसओ इंग्लिश इंटरनॅशनल. योग्य आयएसओ घ्या. सी वर निदान ३० जीबी मोकळी ठेवा. नाही आवडलं तर परत विंडोज १० वर जायला १० दिवस मिळतात, त्यानंतर जुन्या फाइली आपोआप साफ होतात.

आणखी एक गोष्ट आधीच बघा. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स' लिहिलंय का? 'ऑर्गनायझेशनची ॲक्टिव्हेशन सर्व्हिस' असं काही असेल तर २०१९ मध्ये तुम्हाला चोरीचं विंडोज दिलं गेलं होतं. घरच्या मशीनला ऑर्गनायझेशन कुठून आलं? अशा वेळी आधी लायसन्स विकत घ्या. ॲक्टिव्हेट करणारी ती फुकट टूल्स पुष्कळदा अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं काम करता.

फाँटची भीती नको. जुने मराठी फाँट म्हणजे साध्या फाँट फाइली, त्या विंडोज ११ वर चालतात. तरी विंडोज फोल्डरमधल्या फाँट्सची एक प्रत काढून ठेवा. काही फाँट फक्त एका युजरपुरते बसवलेले असतात, ते त्या युजरच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स या फोल्डरमध्ये सापडतात, आणि फॉरमॅट मारणारा ते कधीच उचलत नाही. त्रास होतो तो डाँगलवर (यूएसबीत लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालणाऱ्या टायपिंग सॉफ्टवेअरचा. मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं सेटिंग डाँगलच्या जुन्या ड्रायव्हरला अडवतं. कंपनीकडून नवा ड्रायव्हर मागा, सुरक्षा बंद करणं हा शेवटचा उपाय. शक्य असेल तर नव्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, सुरू करा. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, लँग्वेज सेटिंगमधून जोडता येतो.

तुमचाच धागा वाचणाऱ्या, पण जुनं मशीन असलेल्यांसाठी थोडक्यात. सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल किंवा रायझन ३ २२००जी (२००० मालिकेतला असूनही तो यादीत नाही) असेल तर घाई करू नका. विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत : ३० डॉलर किंवा १,००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड पॉइंट, आणि सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट. मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, आवृत्ती २२एच२ हवी. एकाच अकाउंटवर १० मशीन चालतात. अटी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, पण पुढच्या मोठ्या आवृत्त्या हाताने टाकत बसावं लागतं, म्हणून घरातल्या एकमेव मशीनवर ते करू नये असं मला वाटतं. फक्त ब्राउझर आणि पत्रं लिहिणं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरायची फुकट सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आवडलं तरच टाका.

तुम्ही आज एवढंच करा : विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ उघडा, बायोस मोडसमोर लेगसी आहे की यूईएफआय ते बघा आणि डिस्कवर किती पार्टिशन आहेत त्यासह इथे लिहा. यूईएफआय असेल तर वरचं अर्धं काम वाचलं. तोवर मशीन दुकानात नेऊ नका.