ट्रामाडॉलच्या स्ट्रिपा आणि अमेरिकेतली पहिली चिठ्ठी

भाऊ, ऑगस्टमध्ये ओहायोला येताय. वहिनींच्या कंबरेसाठी नागपुरातून ट्रामाडॉलच्या (अफूसारख्या, म्हणजे ओपिऑइड जातीच्या वेदनाशामक गोळीच्या) स्ट्रिपा आणू का, आणि इथले डॉक्टर खरंच व्यसन लागणाऱ्या गोळ्या देतात का, असं विचारलंत.

स्ट्रिपांचा साठा नका आणू. ट्रामाडॉल तिकडे २०१८पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, इथेही २०१४पासून नियंत्रित. बर्डीवरचा ओळखीचा केमिस्ट देतो म्हणून इथला कस्टमवाला ऐकेल असं नाही. मात्र वहिनी रोज घेत असतील तर एकदम बंद करू नका. रामदासपेठेतल्या त्यांच्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

आता दुसरा प्रश्न. २०१२ साली इथे माझी अक्कलदाढ काढली. हातात नारिंगी बाटली ठेवली: हायड्रोकोडोन, हीही ओपिऑइड, ३० गोळ्या. दोन घेतल्या, डोकं तरंगायला लागलं, पोट साफ होईना. उरलेल्या २८ किचनमध्ये हळदीच्या डब्यामागे वर्षभर पडून होत्या. कोणाचं काही दुखलं की ‘घे ना एक’ म्हणायची आपली सवय, तीच इथे घातक. पुढे मुलाची दाढ काढली तेव्हा फक्त आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. भागलं.

२०१२मध्ये अमेरिकेत शंभर माणसांमागे ओपिऑइड गोळ्यांच्या ८१ चिठ्ठ्या (प्रिस्क्रिप्शन) फाडल्या जात. २०२०पर्यंत ४३वर आल्या. खासगी विमेदारांत पहिल्यांदाच ही गोळी मिळणाऱ्यांचं महिन्याचं प्रमाणही २०१२ ते २०१७मध्ये १.६३वरून ०.७५ टक्क्यावर आलं. पण काही डॉक्टर तेव्हाही पहिल्याच चिठ्ठीत जास्त दिवसांच्या गोळ्या लिहीत होते, आणि खरी मेख तिथेच आहे. पहिल्या खेपेला किमान एक दिवस गोळी घेतलेल्या सगळ्यांत मिळून वर्षानंतर ६ टक्के लोक गोळीवरच होते. पहिली खेप ८ दिवस किंवा जास्तीची असेल तर १३.५, ३१ दिवस किंवा जास्तीची असेल तर २९.९ टक्के. (ज्यांचं दुखणं मोठं त्यांनाच जास्त दिवस मिळतात, हेही खरं.)

म्हणून डॉक्टरसमोर मान डोलवत बसू नका. ‘किती दिवस? साध्या गोळीने भागेल का?’ विचारा, इथे कोणी रागावत नाही. तीन दिवसांत बहुतेक वेळा निभावतं. ऑपरेशनचं दुखणं असेल तर घाबरून नकारही देऊ नका. हायड्रोकोडोनच्या गोळीत बहुधा पॅरासिटामॉल असतंच, वरून क्रोसिन घेतली की लिव्हरवर ताण. झोपेची गोळी, दारू सोबत अजिबात नको. उरलेल्या गोळ्या फार्मसीतल्या, जुनी औषधं परत घ्यायच्या पेटीत टाका.

निघण्याआधी वहिनींचे एमआरआय रिपोर्ट आणि कुठलं औषध, किती, कधीपासून, हे डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत टाइप करून घ्या. इथे नवीन पेशंटला अपॉइंटमेंट मिळायला महिना सहज जातो.