विचारा ना भाऊ : हिस्लॉप साहेबाचं गाव

प्रश्न : मी हिस्लॉप कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. इतकी वर्षं त्या गेटातून आत-बाहेर केलं पण हा हिस्लॉप कोण, कुठला, हे कधी डोक्यातच आलं नाही. आता नात तिथं जाते, तिनं विचारलं तर मला सांगता येईना. इंग्लंडचा होता ना?
— एक आजी, धरमपेठ

उत्तर : आजी, इंग्लंडचा नका म्हणू, त्यांच्या गावात हे बोललात तर चहा पण नाही विचारणार कोणी! स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे. तिकडे अगदी दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेजवळ बर्विकशायर म्हणून भाग आहे, त्यातलं डन्स हे छोटंसं बाजाराचं गाव, तिथं १८१७ साली जन्म. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. शाळा काढली, पण माणूस नुसता धर्मप्रचारात रमणारा नव्हता, टाकळीच्या बाजूला दगड फोडून जीवाश्म शोधायचा, गोंड लोकांची गाणी-कथा लिहून घ्यायचा. सप्टेंबर १८६३ मध्ये बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला जुनी शिलावर्तुळं बघायला गेले, परतताना पूर आलेल्या नाल्यात घोड्यासकट उतरले आणि बुडाले, वय फक्त ४५. त्यांचे गोंडांवरचे कागद नंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले, ते तेव्हा इथले चीफ कमिशनर होते. कॉलेज ज्या टेंपल रोडवर आहे तो रोड याच टेंपलच्या नावाचा, देवळाचा काही संबंध नाही बरं का, मलाही कितीतरी वर्षं तिथं एखादं मंदिर असेल असंच वाटायचं. कॉलेज मात्र हिस्लॉप गेल्यानंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये सुरू झालं.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही डन्सचं नुसतं नाव घेतलं अन् पुढं सरकले. गाव कसं आहे ते सांगा की. आपल्या काटोल-उमरेडएवढं असंल काय?
— एक वाचक, महाल

उत्तर : काटोल? अहो, वस्ती तीन हजाराच्या पण आत आहे, आपल्या महालातल्या दोन-चार गल्ल्यांत मावून जाईल सगळं गाव! पण इतिहास विचाराल तर पुरून उरेल. सीमेवरचं गाव म्हणजे दोन्हीकडून मार. मूळ वस्ती डन्स लॉ नावाच्या टेकडीच्या उतारावर होती, इंग्रज फौजांनी सोळाव्या शतकात ती पुन्हा पुन्हा जाळली, शेवटी १५८८ च्या सुमारास लोकांनी आताच्या जागी खाली गाव वसवलं. जुन्या जागेला आजही ब्रंटन्स म्हणतात, म्हणजे जळकं गाव. १६३९ मध्ये राजा चार्ल्सनं चर्चच्या कारभारात हात घातला म्हणून चिडलेल्या स्कॉटिश लोकांच्या फौजेनं याच टेकडीवर तळ ठोकला होता, त्यांचा झेंडा जिथं रोवला होता म्हणतात तो दगड अजून तिथं आहे.

आणि एक मजा बघा, आपल्या नागपूरकरांना लगेच पटेल. जिल्ह्याचं नाव बर्विकशायर, पण बर्विक शहर १४८२ पासून इंग्लंडच्या ताब्यात, म्हणजे जिल्हा इकडे अन् नावाचं गाव तिकडे. मग मुख्य ठिकाण कोणाचं यावरून डन्स आणि शेजारचं ग्रीनलॉ यांच्यात दोनशे वर्षांवर ओढाताण चालली, कधी याच्याकडे कधी त्याच्याकडे, शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डन्सनं बाजी मारली. ग्रीनलॉवाल्यांना काय वाटलं असेल ते, १९५६ मध्ये ज्यांच्या शहराची राजधानी गेली आणि हिवाळी अधिवेशनावर समाधान मानावं लागलं, त्यांना मी काय सांगू! डन्सवाल्यांचं ब्रीदच आहे 'डन्स डिंग्ज ऑ', म्हणजे डन्स सगळ्यांना भारी, हे असं छातीठोक बोलणं आपल्याकडे पण चालतंच.

उन्हाळ्यात, जुलैच्या सुरुवातीला, आठवडाभराची जत्रा असते, रीव्हर्स वीक. रीव्हर म्हणजे जुन्या काळी सीमेपलीकडची ढोरं पळवून आणणारे घोडेस्वार दरोडेखोर, आणि आता गावातल्या एखाद्या तरुणाला मानानं रीव्हर निवडतात, त्याच्यामागं घोडेस्वार निघतात, अख्खं गाव रस्त्यावर. मला तर आपल्या मारबतीची आठवण येते, तेच ते, बाहेरच्याला कळत नाही पण गावच्या माणसाला त्या दिवशी घरात बसवत नाही. या आठवड्यात चेंडूचा खेळ पण होतो, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे! जुन्या काळी म्हणे लग्नवाल्यांना चेंडू थेट चर्चमध्ये पाद्र्याच्या भाषणाच्या जागी नेऊन टाकावा लागायचा आणि बिनलग्नवाल्यांना पिठाच्या गिरणीत.

प्रश्न : भाचा स्कॉटलंडला शिकतो, त्यानं डन्सच्या चौकातला फोटो पाठवला, त्यात अस्वलाचा पुतळा आहे. अस्वल कशाला?
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : ते साधं अस्वल नाही, पोलंडच्या फौजेतला शिपाई आहे तो! नाव व्होयटेक. १९४२ मध्ये इराणात पोलिश सैनिकांना हे पिल्लू मिळालं, बाटलीनं दूध पाजून वाढवलं, पुढं इटलीला जाणाऱ्या जहाजावर जनावर घ्यायची परवानगी नव्हती म्हणून रीतसर सैनिक म्हणून नोंदवलं. १९४४ च्या मोंते कॅसिनोच्या लढाईत तोफेच्या गोळ्यांच्या पेट्या उचलून द्यायचं. युद्ध संपल्यावर त्याची तुकडी बर्विकशायरातच विनफील्डच्या छावणीत आली, आसपासच्या लोकांना त्याचा भारी लळा लागला, नंतर १९४७ ला एडिंबराच्या प्राणीसंग्रहालयात गेलं आणि १९६३ मध्ये तिथंच मेलं. पुतळा २०१६ चा, डन्सचं जोडगाव असलेल्या पोलंडमधल्या झागान गावानं दिलेली भेट. पोलिश सैनिक युद्धात या भागात मुक्कामाला होते, काहींचे संसार पण तिथंच झाले, म्हणून तो नुसता कौतुकाचा प्राणी नाही, घरचाच आहे त्यांच्यासाठी.

प्रश्न : इंग्रजीतला 'डन्स' म्हणजे ढ मुलगा, तो शब्द याच गावावरून आला का?
— एक शिक्षक, हिंगणा

उत्तर : हो सर, पण गावाचा दोष नाही. तेराव्या शतकातला जॉन डन्स स्कोटस नावाचा मोठा तत्त्वज्ञ इथलाच मानतात. त्याचं लिखाण इतकं बारीक गुंतागुंतीचं की पुढच्या काळातल्या नव्या विचारांच्या लोकांनी त्याच्या अनुयायांना 'डन्स' म्हणून चिडवलं, आणि वर्गातल्या ढ पोराला तेच नाव चिकटलं. केवढ्या हुशार माणसाच्या नावाचं काय झालं बघा.

सक्करदऱ्याच्या काकांना जाता जाता : भाच्याकडे गेलात तर डन्सला रेल्वे नाही, तिथली पॅसेंजर गाडी १९५१ लाच बंद झाली. बर्विकला उतरा आणि पुढं रस्त्यानं जा. मोटार रेसिंगची आवड असेल तर १९६३ आणि १९६५ चा जगज्जेता जिम क्लार्क, जो याच भागातला शेतकरी होता, त्याचं म्युझियम पण गावातच आहे. आणि जुलैत गेलात तर चेंडूवाल्यांपासून जरा लांबच उभे राहा, तुमचं लग्न झालंय हे कळलं तर ते लगेच टीममध्ये ओढतील.